ट्रायलची मर्यादा: फेब्रुवारी ते एप्रिल २०२५ च्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी इचलकरंजीच्या डीलरदादांचा फोन. "ताई, तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर इथं एका दुकानात दोन वर्षं फुकट चालतंय की. ट्रायल तीस दिवसांची म्हणालेला ना तुम्ही?"

दुपारी त्या दुकानाचं मशीन लांबून उघडून बघितलं. डेस्कटॉपवर बिलिंगच्या आयकॉनशेजारी आणखी एक फाइल, नाव 'पुनर्जन्म'. डबल क्लिक करायचं, 'येस' म्हणायचं, की तीस दिवस पुन्हा कोरे. नोटपॅडमध्ये उघडली. वर विंडोज रेजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीच्या, फाइलचं नेहमीचं शीर्षक आणि खाली एकच ओळ: चौकटी कंस, कंसात शिरल्या शिरल्या उणे चिन्ह, पुढे आमच्या कीचा, म्हणजे तिथल्या नोंदीचा, सगळा पत्ता. उणे म्हणजे ही की काढून टाक. झालं. बाजारातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला पोरगा दीडशे रुपयांत हे बसवून देतो. आमचं लायसन्स साडेचार हजारांचं.

राग त्या पोराचा यायला हवा होता, आला स्वतःचा. पहिल्यांदा चालू केल्याची तारीख मी चालू वापरकर्त्याच्या रेजिस्ट्रीत साध्या अक्षरांत लिहून ठेवली होती, आणि कीचं नाव काय, तर 'ट्रायलस्टार्ट'. २०१९ साली एका रात्रीत उरकलेलं काम. तिजोरीवर 'इथं किल्ली आहे' असं लिहिल्यासारखंच.

ठरवलं: गुढीपाडवा ३० मार्चला आहे. पाडव्याला नवीन आवृत्ती द्यायची. आठ आठवडे.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिहायच्या आधी फोडून बघायचं. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला बसवलं, चहा दिला, म्हटलं, मोड बघू.

त्यानं आयएलस्पाय हे कोड उलगडून दाखवणारं साधन उघडलं आणि आमची एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, त्यात टाकली. डॉटनेटचा प्रोग्रॅम असल्यामुळे माझंच सी शार्प भाषेतलं लिखाण जवळजवळ जसंच्या तसं समोर आलं. फंक्शनचं नाव 'इजट्रायलएक्सपायर्ड', ट्रायल संपली का. पोरगं म्हणालं, "मावशी, शेवटी रिटर्न फॉल्स करायचं, म्हणजे उत्तर कायम 'नाही', बास. ह्याला काय लागतंय?"

मग प्रोसेस मॉनिटर. आमच्या प्रोसेसवर फिल्टर लावला आणि प्रोग्रॅम चालू केला. रेजिस्ट्रीची कुठली की वाचतो, कुठली लिहितो, कुठल्या फोल्डरमध्ये कुठली फाइल उघडतो, सगळं ओळीनं. म्हणजे मी आणखी चार कोपऱ्यांत चार तारखा लपवल्या तरी पाच मिनिटांत चारही सापडणार. लपवाछपवीचा रस्ता इथंच संपला.

आता कुणापासून राखायचं हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते, नाहीतर पुढं वाहवत जाईन. जो एक्झी उघडून कोड बदलू शकतो त्याला थांबवणं माझ्या आवाक्यात नाही. त्याच्या हातात मशीन आहे, माझा प्रोग्रॅम आहे आणि त्या प्रोग्रॅममध्ये माझी किल्लीही आहे. अडवायचं आहे ते दीडशे रुपयांच्या एका क्लिकला. दुरुस्तीवाल्या पोराला प्रत्येक दुकानात प्रत्येक वेळी दोन तास घालवावे लागले, तर दीडशेत परवडणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला कच्चा प्रयत्न. तारीख आणि वापराचा आकडा एका छोट्या फाइलमध्ये, फाइल सगळ्या वापरकर्त्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये, विंडोजच्या डीपीएपीआय ह्या एन्क्रिप्शनच्या सोयीनं गुंडाळलेली. ही सोय विंडोज २००० पासून आहे आणि किल्ली स्वतः सांभाळावी लागत नाही. मशीनच्या पातळीवर वापरली, की फाइल दुसऱ्या मशीनवर उघडत नाही. पण त्याच मशीनवरचा कुठलाही प्रोग्रॅम ती उघडू शकतो, म्हणून वर एचमॅकचा, म्हणजे गुप्त किल्लीनं मजकुरावरून काढलेला, शिक्का मारला. आकडा बदलला की शिक्का जुळत नाही.

खूश होऊन भाच्याला बोलावलं. त्यानं फाइल उघडलीसुद्धा नाही. ट्रायलच्या पहिल्या दिवशीची फाइल कॉपी करून ठेवली, घड्याळ वीस दिवस पुढं नेलं, प्रोग्रॅम वापरला, घड्याळ मागं घेतलं आणि जुनी फाइल परत जागेवर ठेवली. शिक्का माझाच, अगदी खरा, फक्त शिळा. शिक्का बनावट माल पकडतो, शिळा माल पकडत नाही. जुनी प्रत परत ठेवणं हा अख्ख्या कामातला सगळ्यात सोपा हल्ला, आणि मी सहा दिवस एन्क्रिप्शनच्या मागं होते.

मागं न फिरणारा आकडा लागतो. टीपीएम ह्या सुरक्षेच्या चिपमध्ये तसा काउंटर करता येतो, फक्त वाढणारा. पण माझ्या गिऱ्हाइकांची मशीन बघितलीत? निम्म्यांवर विंडोज ७, ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. टीपीएम कुठून आणू.

दुसरा रस्ता सर्व्हर. दुकानात नेट असतं, पण ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि मालक जेवायला गेला की त्याच्या खिशातून नेटही जातं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घड्याळाचं काम. नियम सोपा वाटला: आजवर पाहिलेली सर्वांत पुढची वेळ लक्षात ठेवायची. आताची वेळ तिच्या मागं असेल, तर कुणीतरी घड्याळ मागं घेतलंय. खोटी तारीख फक्त एकाच प्रोग्रॅमला दाखवणारी साधनं असतात, म्हणून शेवटच्या बिलाची तारीख आणि डेटाबेसच्या फाइलची तारीखही ताडून बघितली. चाचणीला कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या तीन ओळखीच्या दुकानांत बसवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी, तरी सकाळी नऊला फोन. लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान. शेटजी बोलायच्या आधीच तापलेले.

"मॅडम, मी चोर आहे व्हय?"

गेले. स्क्रीनवर माझंच वाक्य, लाल पट्टीवर: 'छेडछाड आढळली. कृपया विक्रेत्याशी संपर्क साधा.' खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ: १ जानेवारी २००९.

मदरबोर्डवरची सेल मेलेली. रुपयाच्या नाण्याएवढी सीआर२०३२. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात, वीज गेली की घड्याळाला आधार नाही, आणि सकाळी मशीन स्वतःच्या जन्मसालात जागं होतं. शेटजींचा पोरगा रोज सकाळी आधी तारीख लावतो, मग गल्ला उघडतो. त्यांच्या लेखी हे उदबत्ती लावण्यासारखंच एक काम. आज पोरगा सुट्टीवर होता.

कॅबिनेट उघडलं, धूळ फुंकली, नखानं ती पत्र्याची चाप दाबली. सेल टुणकन उडून तांदळाच्या पोत्याकडं गेली. शेजारच्या घड्याळजीकडून नवी आणली, चाळीस रुपये. शेटजी तोवर निवळले होते, चहा आला. पण जाताना म्हणालेच, "छेडछाड म्हंजे काय शब्द हाय का मॅडम, दुकानात बायामाणसं येतात."

बरोबर आहे. तो संदेश आजच काढला. आता फक्त एवढंच: 'मशीनची तारीख मागची दिसते. एकदा तपासाल का?' आणि खाली तारीख लावायचं बटण. दोष कुणाचा, हे प्रोग्रॅमनं बोलायचं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसऱ्या दुकानात उलटं. तारीख लावताना २०२५ ऐवजी २०५२ लागलं, दोन बिलं निघाली, मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तारीख नीट केली. पण माझ्या 'सर्वांत पुढची वेळ' मध्ये २०५२ जाऊन बसलं. आता सत्तावीस वर्षं हे मशीन खोटंच ठरणार.

मागं जाणारं घड्याळ मी पकडत होते, पण पुढं उडी मारणाऱ्या घड्याळावर मुकाट विश्वास ठेवत होते. पुढची वेळसुद्धा एकदम मानायची नाही. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या चालूबंदनंतर दिसली, तरच धरायची. लिहिलं. आणि लिहिता लिहिता जाणवलं, की मी हळूहळू घड्याळाचं दुकान टाकत चाललेय.

(त्यातच: एका सत्रात किती वेळ गेला हे बघायला मशीन चालू झाल्यापासूनचा टिककाउंट घेतला होता. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये तो ३२ बिटांचा, २४.९ दिवसांनी उलटून उणे होतो. एक गिऱ्हाईक मशीन बंदच करत नाही. असो, स्टॉपवॉच वापरला.)

२६ फेब्रुवारी, बुधवार

सर्व्हरची बाजू. नेट असेल तेव्हा प्रोग्रॅम विचारणार: किती वाजले, आणि ह्या मशीनची ट्रायल कधी सुरू झाली. उत्तरावर सर्व्हरची डिजिटल सही. सहीची खासगी किल्ली फक्त माझ्याकडं, प्रोग्रॅममध्ये नुसती तपासायची किल्ली. ती कुणाला सापडली तरी तिनं सही करता येत नाही. एचमॅकची किल्ली प्रोग्रॅममध्ये असते, ती सापडली की शिक्काही मारता येतो. हा फरक मी पाच वर्षांपूर्वीच समजून घ्यायला हवा होता. एड२५५१९ ही सहीची पद्धत वापरायची मनात होती, पण डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ मध्ये ते जात्याच नाही. म्हणून ईसीडीएसए ही दुसरी पद्धत, पी-२५६.

प्रोग्रॅम दर वेळी एक नवा यादृच्छिक आकडा पाठवतो आणि सर्व्हर तोच आकडा सहीच्या आत परत देतो. नाहीतर विंडोजच्या हॉस्ट्स ह्या पत्त्यांच्या फाइलमध्ये आमच्या सर्व्हरचा पत्ता आपल्याच मशीनकडं वळवून महिन्यापूर्वीचं उत्तर पुन्हा खपवता येतं. इथंही तोच शिळा माल.

नेट नसेल तर? काही नाही. चालू द्यायचं. सर्व्हर लागला नाही म्हणून बिल अडलं, असं एकाही गिऱ्हाइकाच्या बाबतीत होता कामा नये.

४ मार्च, मंगळवार

मशीनची ओळख. विंडोज बसवताना रेजिस्ट्रीत मशीनग्विड नावाचा एक ओळख-आकडा पडतो. तो आणि मदरबोर्डचा यूयूआयडी हा ओळख-आकडा मिळवून हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा, केला, हॅशच फक्त सर्व्हरला. मूळ आकडे नाहीत.

आज जयसिंगपूरच्या एका नव्या दुकानाला उत्तर गेलं, 'ट्रायल आधीच वापरली आहे'. त्यांनी तर आजच डाउनलोड केलं होतं. लॉग बघितले. यूयूआयडी ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९. हा आकडा शोधून बघा, जगभर सापडेल. स्वस्त बोर्ड बनवणाऱ्यांनी भरायचं राहून गेलेली जागा. अनुक्रमांकाच्या जागी तर चक्क 'टू बी फिल्ड बाय ओईएम' असं वाक्यच असतं. आणि मशीनग्विडही दोघांचा एकच, कारण विकणाऱ्यानं एकाच तयार डिस्कवरून शंभर मशीन घोस्ट, म्हणजे हुबेहूब कॉपी, केलेली.

म्हणजे एकाच गावात माझ्या लेखी एकच मशीन दहा दुकानांत. फोन करून माफी मागितली, हातानं ट्रायल उघडून दिली. आता असे ठरावीक आकडे यादीत घातलेत. दिसले की ओळख 'माहीत नाही' धरायची, आणि माहीत नसेल तर नवीन गिऱ्हाईक समजायचं.

११ मार्च, मंगळवार

आजचा दिवस जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं विवरण, भरायचा. दुपारी एका बाईंचा फोन, दुकान मिस्टरांचं, हिशोब त्या बघतात. जुनीच आवृत्ती, ट्रायल काल संपली. आमचं जुनं वागणं असं की मुदत संपली की मुख्य खिडकीच उघडत नाही. फेब्रुवारीची विक्री आत, सीए बाहेर खोळंबलेला. "पैसे भरतो हो आम्ही, पण आत्ता रजिस्टर तरी काढून द्या."

साडेचार वाजता डेटाबेसची फाइल मागवून विक्रीची एक्सेल काढून दिली. पाचला त्यांनी पैसे पाठवले. मला ते घेताना बरं वाटलं नाही. विक्री झाली खरी, पण वसुलीसारखी.

नवीन नियम, आणि हा कशासाठीही मोडायचा नाही: मर्यादा संपली तरी जुनी बिलं दिसणार, छापता येणार, एक्सेल निघणार, बॅकअप निघणार. बंद होणार ते फक्त 'नवीन बिल' हे एक बटण.

१२ मार्च, बुधवार

कालच्या फोनवरून डोकं चालू आहे. त्या बाईंना कशानं अडवलं होतं? कुलुपानं नाही. त्यांचा डेटा आत होता म्हणून त्या अडल्या. दुसऱ्या सॉफ्टवेअरकडं जायला त्या मोकळ्या होत्या, पण महिन्याभराची बिलं आणि उधारी सोडून कोण जाईल?

आणि शेटजी त्या दिवशी चहा पिताना जे म्हणाले ते आज कळलं. "तीस दिवसांत माझं लगीनसराईचं गिऱ्हाईकच येत नाही, मी कळू तरी काय घेणार तुमच्या सॉफ्टवेअरातलं?" दिवस मोजणंच चुकीचं आहे. एका दुकानात दिवसाला दोनशे बिलं, एकात चार. घड्याळ, सेल, २०५२, टिककाउंट, हे सगळं मी ज्याच्यासाठी करतेय ती गोष्टच मोजायची नाहीये. बिलं मोजायची. १५० बिलं, महिना लागो की वर्ष.

आणि बिलांचा आकडा लपवून ठेवायची गरज नाही. तो त्याच्या बिलांतच आहे. बिलं किती झाली हे बिलंच सांगतील. आकडा शून्य करायचा तर बिलं पुसावी लागतील, आणि उधारीची वही स्वतःच्या हातानं कोण फाडतंय?

पाच आठवडे घड्याळावर घालवून आज ही ओळ लिहितेय. घड्याळाचा सगळा कोड काढला. ४१२ ओळी. तारीख तपासायचा सौम्य संदेश तेवढा ठेवला, तो दुकानदाराच्या उपयोगाचा आहे.

१५ मार्च, शनिवार

साखळी. प्रत्येक बिलाच्या ओळीत एक जादा रकाना, 'मागचा शिक्का'. नव्या बिलाचा शिक्का म्हणजे मागच्या बिलाचा शिक्का, ह्याचा अनुक्रम, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम, ह्या सगळ्यांवर मिळून एचमॅक-एसएचए२५६. मधलं एक बिल काढलं, की त्याच्या पुढची सगळी साखळी तुटते. माळेतला मणी काढल्यावर होतं तसं.

बिलात दुरुस्ती करायची तर? जुनी ओळ बदलायची नाही, खाली 'दुरुस्ती' अशी नवी ओळ जोडायची. मोजताना फक्त 'नवीन बिल' प्रकारच्या ओळी मोजायच्या. ह्यात एक फुकटचा फायदा आहे. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून बंद न करता येणारी बदलांची नोंद लागते. माझी बहुतेक गिऱ्हाइकं एकट्या मालकीची, त्यांना ते लागू नाही. पण एका प्रायव्हेट लिमिटेडवाल्यानं गेल्या वर्षी हेच विचारलं होतं आणि मी 'बघते' म्हणून टाळलं होतं.

रात्री पहिली चाचणी चांगली गेली. मग भाच्यानं कंट्रोल पॅनेलमध्ये तारखेची पद्धत भारतीयवरून अमेरिकन केली आणि सगळीच्या सगळी साखळी तुटलेली दिसली. मी तारीख मजकूर करून शिक्क्यात घालत होते, आणि मजकूर मशीनच्या सेटिंगप्रमाणे बदलतो. १५-०३ चं ३/१५. एकही बिल न पुसता दुकानदार चोर. शेटजींचा चेहराच डोळ्यासमोर आला. आता तारीख ठरावीक एकाच पद्धतीनं, आणि रक्कम पैशांत, पूर्णांक.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. गल्लीत पोरांचा दंगा, भाचा हिरवा-गुलाबी होऊन आला आणि तसाच कीबोर्डवर बसायला निघाला. आधी हात धू म्हटलं.

त्यानं आज सगळ्यात मोठं भोक दाखवलं. साखळीचं मधलं कापता येत नाही, पण शेपूट कापता येतं. शेवटची पन्नास बिलं पुसली तर उरलेली शंभर एकमेकांशी जुळतातच. रोखीचा दुकानदार, उधारी नाहीच, बिल छापलं की पुसलं. आकडा कायम १४९.

म्हटलं, ओळीचा अनुक्रम एसक्यूलाइट डेटाबेसच्या ऑटोइन्क्रिमेंटवर, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या आकड्यावर, आहे, पुसलेला क्रमांक पुन्हा वापरला जात नाही. "मावशी, तो लक्षात कुठं ठेवतंय ते बघ." त्यानं डेटाबेस उघडला. 'एसक्यूलाइट_सिक्वेन्स' नावाचं एक टेबल, दोन रकाने: टेबलाचं नाव आणि शेवटचा आकडा. इतर कुठल्याही टेबलासारखं साधं. १५० च्या जागी त्यानं १०० लिहिलं आणि एंटर. तेवढंच. हिरवा ठसा कीबोर्डवर राहिला तो राहिलाच.

ह्याला पक्का उपाय माझ्याकडं नाही. थोडा आहे. डीपीएपीआयवाली जुनी फाइल पुन्हा कामाला घेतली. त्यात फक्त आजवरचा सर्वांत मोठा अनुक्रम. नेट मिळालं की तोच आकडा सर्व्हरलाही. तीन ठिकाणी तीन आकडे आले तर मोठा धरायचा. गप्प. कुठलाही लाल पट्टा नाही, आरोप नाही.

पण प्रामाणिक माणूसही जुना बॅकअप परत घालतो. पेन ड्राइव्हवरचा, मागच्या शनिवारचा. त्याची बिलं ८०, फाइल म्हणते ११२. मोठा आकडा धरला तर त्याची बत्तीस बिलं बुडाली. त्याला फोनवर मुदतवाढ द्यायची, काही विचारायचं नाही.

२४ मार्च, सोमवार

मुदतवाढ द्यायची कशी? सहीनंच. पण पी-२५६ ची सही ६४ बाइट, अक्षरांत लिहिली की ८८. फोनवर ८८ अक्षरं वाचून दाखवायची? 'ब बदकातला की भ भटजीतला' करत बसले तर एकेक कॉल अर्ध्या तासाचा. छोटा सहा आकडी कोड एचमॅकनं करता येतो, पण मग किल्ली प्रोग्रॅममध्ये, आणि पुनर्जन्मवाल्या पोराला नवा धंदा. शेवटी व्हॉट्सअॅपवर छोटी फाइल पाठवायची आणि दुकानदारानं ती बिलिंगच्या खिडकीत ओढून टाकायची. दुकानाच्या मशीनवर व्हॉट्सअॅप उघडंच असतं, रेट तिथंच येतात.

डीलरदादांचं वेगळंच. "ताई, त्या पोरावर केस करा." कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५अ कलम आलंय, संरक्षणाचे तांत्रिक उपाय मोडण्याविरुद्ध, दोन वर्षांपर्यंत कैद. वाचलं. माझा तांत्रिक उपाय म्हणजे 'ट्रायलस्टार्ट' नावाची एक उघडी ओळ होती, हे न्यायाधीशांसमोर सांगायला मला लाज वाटेल. आणि तो पोरगा बाकी सगळ्या बाजाराचे प्रिंटर दुरुस्त करतो. सोडून दिलं.

१९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगेलमन आणि जिम नॉफ ह्यांनी आपापले प्रोग्रॅम वाटले. आवडलं तर पैसे पाठवा, दुसऱ्यालाही कॉपी द्या. कुलूप नाहीच. लोकांनी पैसे पाठवले. आणि फाइली दाबून बांधणाऱ्या विनरारची चाळीस दिवसांची मुदत संपल्यावर तो नुसता आठवण करून देतो आणि उघडतो, हे कुणाला सांगायला नको. मी तेवढी मोठ्या मनाची नाही, दोन पोरांचे पगार आहेत. पण ४१२ ओळी काढल्यापासून झोप बरी लागते हे खरं.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी गुढी उभारली, अकराला आवृत्ती चढवली. संध्याकाळपर्यंत एकोणीस डाउनलोड. जुन्या ट्रायलवाल्या सगळ्यांना नव्यानं पूर्ण १५० बिलं दिली, पुनर्जन्मवाल्यांनाही. मागचं उकरत बसायचं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी दहाला गडहिंग्लजहून फोन: "मॅडम, कालपर्यंत ९८ दाखवत होतं, आज परत १५० दाखवतंय. एप्रिल फूल काय?"

नाही, माझाच मूर्खपणा. स्क्रीनवरचा 'उरलेली बिलं' हा आकडा मी साखळीवरून न काढता शेवटच्या बिल क्रमांकावरून काढला होता, एका आळशी संध्याकाळी. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव लागतो, सोळा अक्षरांच्या आत. म्हणून १ एप्रिलला बहुतेक सॉफ्टवेअर पुन्हा १ पासून सुरू होतं, माझंही. गिऱ्हाइकानं काही केलं नाही, नवीन वर्षानंच छेडछाड केली.

साखळी आतून ५२ च मोजत होती, फक्त दाखवताना चूक. दुपारी दुरुस्ती चढवली. त्या माणसाला म्हटलं, सांगितलंत म्हणून तुमची १५० राहू देत. सहीची फाइल पाठवली. मुदतवाढीची पहिली खरी चाचणी अशी झाली.

१२ एप्रिल, शनिवार

आज गावात सगळे जोतिबाच्या डोंगरावर, म्हणून शांतता. लॉग चाळले. पाडव्यापासून साखळी तुटलेलं एकही मशीन नाही. शेपूट कापलेलं एक दिसतंय, तीनदा. आकडा मोठाच धरला जातोय, त्याला कळलेलं नाही, किंवा कळलंय आणि तो आणखी काहीतरी शोधतोय.

आणखी एक मशीन विचित्र. दिवसाला बरोबर एकच बिल, रात्री नऊला. भाचा म्हणाला, हा काहीतरी करतोय. फोन केला. चहा-बिस्किटांचं छोटं दुकान, बोलायला मोकळा माणूस. दोनशे रुपयांच्या आतल्या विक्रीला, जीएसटी नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकानं मागितलं नाही तर, वेगळं बिल लागत नाही. दिवसाच्या शेवटी सगळ्यांचं मिळून एक केलं तरी जीएसटीला चालतं. त्याच्या सीएनंच सांगितलंय. "एका दिवसाला एक. तुमची १५० मला पाच महिने जातील बघा," असं हसत हसत.

भाच्याला ह्यावर नियम घालायचा होता, रक्कम बघून वगैरे. म्हटलं, कायदा चालवून घेतो ते मी कशाला अडवू. पाच महिने वापरू दे. तोपर्यंत त्याची उधारी बिस्किटांपेक्षा मोठी झालेली असेल.

सोमवारी: सीआर२०३२ चं वीसचं पाकीट मागवायचं आणि बॅगेत ठेवायचं.